रोस्टरमधून नाव गेलं. लेकीने पोर्टलमध्ये जावं का? (आणि घरात सध्या ऑस्करच्या याद्या)

टचपॅड:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय. आज लिहायला बसले, कारण घरात आम्ही तिघंच आणि तिघांचं तेच तेच बोलून झालंय.

माझी लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिव्हिजन वन कॉलेज, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा सर्वांत वरचा स्तर, नाव घेत नाही. पहिल्या वर्षी ती तिथल्या पोहण्याच्या टीममध्ये वॉक-ऑन होती. म्हणजे स्कॉलरशिप शून्य, फी आम्हीच भरतो, पण टीमची टोपी, टीमचा लॉकर, पहाटे साडेपाचची प्रॅक्टिस हे सगळं इतरांसारखंच. तिची शर्यत २०० यार्ड ब्रेस्टस्ट्रोक. पंचवीस यार्डांच्या तलावात आठ लेंग्थ. ती शाळेत असताना मी लेनच्या टोकाशी स्टॉपवॉच घेऊन टायमर म्हणून उभी राहायचे, त्यामुळे तिचे आकडे मला माझ्या फोन नंबरासारखे पाठ आहेत. आजवरची सर्वांत चांगली वेळ २:१७.४, गेल्या फेब्रुवारीतली. कॉन्फरन्सच्या, म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, फायनलला पोचायला ही वेळ पुरत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण कॉलेजला गेली तेव्हा ती २:२० ला होती. एका हंगामात तिने जवळजवळ तीन सेकंद काढले.

एप्रिलमध्ये कोचने तिला बोलावलं. हाउस सेटलमेंट (खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड) येतेय, आता प्रत्येक खेळाला रोस्टरची, म्हणजे टीममधल्या खेळाडूंच्या संख्येची, मर्यादा असेल, तुझी जागा राहत नाही. दहा मिनिटांत संपलं. कोच वाईट नव्हता, उलट त्याचाच आवाज बसला होता असं ती म्हणाली. मे महिन्यात ती घरी आली, तिचा कोट धुवायला टाकताना खिशात लॉकरवरची नावाची पट्टी सापडली. मागे लोहचुंबक असलेली. मी ती फ्रिजला लावायला गेले. तिने काही न बोलता माझ्या हातातून काढून घेतली.

त्यानंतर आठ महिने ती पाण्यात उतरलेली नाही.

आता दुसरा भाग. तिने फिल्म हा विषय घेतलाय आणि त्यातही तिला आवाजाचं वेड लागलंय. यंदा हिवाळ्याच्या सुट्टीत घरी आली तीच ऑस्करची शॉर्टलिस्ट घेऊन. साउंडच्या यादीतले दहाच्या दहा सिनेमे बघणार, त्यातले पाच कोणते ते स्वतः ठरवणार आणि २२ जानेवारीला नामांकनं जाहीर झाली की ताडून बघणार. हेडफोन लावून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसते. मला बरं वाटतं, आणि भीतीही वाटते. कारण मुलगी आवडीचं काही करतेय की दुखतंय ते झाकतेय, हे मला कळत नाही.

परवा जेवताना बाप-लेकीचं वाजलं. माझा नवरा जुना पॅक-१२ वाला, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉलेजांच्या कॉन्फरन्सचा चाहता. इथे शिकायला आला तेव्हापासून शनिवारची दुपार फुटबॉलची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याची टीम बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाणार असं जाहीर झालं आणि १९१५ पासून चाललेली कॉन्फरन्स दोन कॉलेजांवर आली, तेव्हा घरात सुतक होतं. तर तो म्हणाला, "ऑस्कर म्हणजे शेवटी लोकांचं मत आणि प्रचाराचा पैसा. खेळात निदान घड्याळ असतं." त्यावर ती म्हणाली, "बाबा, मला घड्याळाने काढलं नाही. घड्याळात मी आधीच्या वर्षीपेक्षा पुढे होते." तो गप्प झाला. मीही.

तिच्यासमोर आता तीन वाटा आहेत. एक, ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीत) नाव टाकायचं आणि एखाद्या लहान डिव्हिजन वन कॉलेजात जायचं. एका कोचने शरद ऋतूत विचारणा केली होती. दोन, डिव्हिजन थ्री, म्हणजे खेळाची स्कॉलरशिप नसलेला खालचा स्तर. तीन, आहे तिथेच राहायचं, पोहणं सोडायचं आणि फिल्मची डिग्री घ्यायची. ती स्वतः यावर बोलतच नाही. "नामांकनं होऊ देत" एवढंच म्हणते. जणू त्या यादीवर हिचं काही अवलंबून आहे.

कुणाच्या मुलांनी असं कॉलेज बदललंय का? क्रेडिटचं काय होतं? आणि आईने किती बोलावं, किती नाही?

ओहायोकर:

टचपॅडताई, मी वकील आहे पण या क्षेत्रातला नाही. फक्त गेली काही वर्षं हे खटले हौसेने वाचतोय. कामाचं आधी सांगतो, इतिहास नंतर.

तुमच्या मुलीचं नाव "डेझिग्नेटेड स्टुडंट-अॅथलीट" यादीत आहे का, हे ताबडतोब विचारा. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी सेटलमेंटला लगेच मंजुरी दिली नव्हती, ती अडली होती नेमक्या याच मुलांवर. मर्यादेच्या नावाखाली आधीच काढून टाकलेली मुलं. म्हणून मसुदा बदलला. २०२४-२५ मध्ये ज्यांची जागा रोस्टर-मर्यादेमुळे गेली किंवा जाणार होती, त्यांची यादी कॉलेजांनी द्यायची असं ठरलं आणि मग ६ जून २०२५ ला मंजुरी मिळाली. या यादीतली मुलगी मर्यादेत मोजली जात नाही. जुन्या कॉलेजात नाही आणि दुसऱ्या कॉलेजात गेली तर तिथेही नाही. जुन्या कॉलेजाने परत घ्यायलाच हवं अशी सक्ती नाही, ती त्यांची मर्जी. पण नव्या कोचसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण ती आली म्हणून त्याला दुसऱ्या कुणाला काढावं लागत नाही. कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळांचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या ऑफिसला, लेखी विचारा. कोचला नको, कंप्लायन्सला.

दुसरं, मर्यादा फक्त सेटलमेंटमध्ये सामील झालेल्या कॉलेजांना लागू आहे. ज्या लहान डिव्हिजन वन कॉलेजांनी खेळाडूंना पैसे वाटायचे नाहीत असं ठरवलं, ती बाहेर राहिली. तिथे जुनाच हिशेब. ज्या कोचने विचारणा केली त्याचं कॉलेज आत आहे की बाहेर, तेही बघा.

आता तुमच्या यजमानांसाठी थोडं. हे सगळं कालपरवाचं नाही. १९८४ साली ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या बाजूने सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला, ७ विरुद्ध २, आणि फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवरची एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संघटनेची, मक्तेदारी गेली. तिथून प्रत्येक कॉन्फरन्स आपापली चूल मांडून टीव्हीवाल्यांशी सौदे करायला मोकळी झाली. २०२२ साली बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर केलेला करार सात वर्षांचा आणि ७०० कोटी डॉलरच्या वरचा. एवढी रक्कम दिसत असताना पॅसिफिकच्या काठावरची कॉलेजं न्यू जर्सीला खेळायला का जातात, याला दुसरं उत्तर नाही. आणि इतकी वर्षं हा पैसा खेळाडूंना मिळत नव्हता, हे विसरू नका. कोचना मिळत होता. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशरला काढलं तेव्हा नुसतं घरी बसण्यासाठी त्याचं देणं साडेसात कोटी डॉलरच्या वर निघालं. २०२१ मध्ये एनसीएएविरुद्धच्या ऑल्स्टन खटल्यात सुप्रीम कोर्टाने ९ विरुद्ध ० असा निकाल दिला आणि दहाच दिवसांत एनआयएल सुरू झालं, स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून कमावण्याची मुभा. हाउस सेटलमेंट त्याचंच पुढचं पाऊल. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर आणि १ जुलै २०२५ पासून एका कॉलेजला पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटपाची परवानगी. माझ्या मते खेळाडूंना पैसा मिळतोय हे न्याय्यच आहे. पण वाटप कसं? ठिकठिकाणी जो नमुना धरला जातो त्यात साधारण तीन चतुर्थांश फुटबॉलला, मग पुरुषांचं बास्केटबॉल, आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून चिमूटभर.

हाउस हे नाव ज्याच्यावरून पडलं तो ग्रँट हाउस अॅरिझोना स्टेटचा जलतरणपटू. तुमच्या लेकीच्याच खेळातला मुलगा. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, म्हणून सांगितलं.

बेसलाइन:

मी टेनिस खेळते, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, तिसरं वर्ष. क्रेडिटबद्दल माझा अनुभव सांगते.

मी पहिल्या वर्षानंतर कॉलेज बदललं. घाई केली. नव्या ठिकाणी माझे चार कोर्स "इलेक्टिव्ह" म्हणून घेतले, मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, धरले नाहीत. डिव्हिजन वनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या शेवटी डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण लागतो, तिसऱ्याच्या शेवटी ६०, चौथ्याच्या शेवटी ८०. हे टक्के *तुमच्या* डिग्रीचे मोजतात, नुसत्या क्रेडिटचे नाही. मी दोन उन्हाळे कोर्स करत काढले तेव्हा कुठे आकडा जमला. फिल्मसारख्या विषयात कोर्सचे प्रकार प्रत्येक कॉलेजात वेगळे असतात, म्हणून पोर्टलमध्ये नाव टाकायच्या आधी नव्या कॉलेजच्या डिपार्टमेंटकडून कोर्सवार लेखी उत्तर घ्या. कोच "होऊन जाईल" म्हणतो. तो मनापासूनच म्हणतो, पण ते ठरवणारा तो नाही.

एनआयएलचं मला विचारूच नका. सोबतच्या मुली रॅकेटच्या फोटोसाठी पैसे घेतात, मी घेतले तर ते काम ठरून माझा व्हिसा धोक्यात येऊ शकतो. एकाच कोर्टवर खेळतो आम्ही.

तुम्ही किती बोलावं हे मी सांगू शकत नाही. माझी आई रोज रात्री फक्त "जेवलीस का" विचारायची. त्या वर्षी मला तेवढंच झेपत होतं.

बूमकाठी:

मी लॉस एंजेलिसमध्ये पोस्ट-प्रॉडक्शन साउंडमध्ये काम करतो. बारा वर्षं झाली. ऑस्कर देणाऱ्या अॅकॅडमीचा सदस्य नाही. पोहण्यातलं मला काही कळत नाही, पण ताई, तुमची मुलगी दहा सिनेमे हेडफोन लावून ऐकतेय त्याबद्दल बोलू शकतो.

नामांकनाला प्रत्येक शाखा आपापल्या लोकांसाठी मत देते. साउंडची नामांकनं साउंडचेच लोक ठरवतात. शेवटच्या फेरीत मात्र सगळे मिळून, सुमारे दहा हजार जण. म्हणून आमच्याकडे बक्षिसापेक्षा नामांकनाला मान जास्त. ते तुमच्या बरोबरीच्यांनी दिलेलं असतं. बरीच वर्षं तक्रार होती की शेवटच्या फेरीत न बघताच मतं पडतात, तर एप्रिल २०२५ मध्ये नियम केला: त्या विभागातले सगळे सिनेमे पाहिल्याशिवाय मत देता येणार नाही. तिला सांगा, ती जे करतेय तोच आता नियम आहे.

यजमान म्हणतात त्यात तथ्य आहेच. ऑस्कर जिंकलेला "अनोरा" ६० लाख डॉलरमध्ये झाला आणि प्रसिद्धीवर त्याच्या तिप्पट गेल्याचं छापून आलं. आपल्याला हे नवीन नाही, "श्वास"च्या वेळी २००४ मध्ये इथल्या प्रचारासाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी झाली होती. माझ्या आईनेही शंभर रुपये दिले होते. नामांकन मिळालं नाही. पण उलटही घडतं. २०२३ मध्ये अँड्रिया राइजबरोला "टू लेस्ली"साठी नामांकन मिळालं, त्या सिनेमाने तिकीटखिडकीवर तीस हजार डॉलरसुद्धा कमावले नव्हते. मोठ्या जाहिराती नाहीत. ओळखीच्या नटांनी एकमेकांना सांगितलं, बघा म्हणून. त्यावरही अॅकॅडमीने चौकशी केली, नामांकन मात्र राहिलं.

टीव्हीचा पैसा म्हणाल तर तोही इथे आहे. २०२९ पासून ऑस्कर एबीसीवरून उठून यूट्यूबवर जाणार. तुमच्या घरात कॉन्फरन्स मोडली तेव्हा सुतक होतं, हे जाहीर झालं त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये तसंच होतं.

तिने स्वतः काही रेकॉर्ड केलंय का? ते मला ऐकायला आवडेल.

सरळरेघ:

थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. २:१७ ची मुलगी ऑलिंपिकला जाणार नाही. दोन वर्षं पोहण्यासाठी कॉलेज बदलायचं, क्रेडिट घालवायचे, फी वाढवून घ्यायची? डिग्री पूर्ण करा. पोहायचं तर तलाव कुठेही असतो. कॅल पॉली सॅन लुइस ओबिस्पोने २०२५ च्या मार्चमध्ये पोहण्याची अख्खी टीमच बंद केली. जिथे जाल तिथेही उद्या हेच होणार नाही याची खात्री कोण देणार?

टचपॅड:

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देते.

सरळरेघ, राग नाही आला. खात्री कुणीच देणार नाही हे खरंच आहे, आणि फीचा आकडा मी रोज बघते. पण ऑलिंपिकसाठी कुणी पोहत नव्हतं हो. ती चौथीत असताना तिला दम्याचा त्रास होता म्हणून डॉक्टरांनी पोहायला घाला सांगितलं. तिथून इथवर आलीय. २:१७ तुम्हाला हळू वाटेल. मी शाळेच्या दिवसांत तिचे ३:०५ लिहून घेतलेत माझ्या हाताने.

बेसलाइन, तुझी आई शहाणी आहे. मी कालपासून तेवढंच विचारतेय. तुझ्या सांगण्यावरून त्या दुसऱ्या कॉलेजच्या फिल्म डिपार्टमेंटला कोर्सची यादी पाठवली आहे, अजून उत्तर नाही.

ओहायोकर, तुमचा निरोप वाचून मी लेकीला दाखवला. ती म्हणाली, असं काही कुणी बोललं नव्हतं. मग तिनेच कंप्लायन्सला मेल केली, मी फक्त शेजारी बसले होते. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. तिचं नाव यादीत आहे. गेल्या जुलैपासून आहे. सहा महिने तिचं नाव एका यादीत होतं आणि हे तिला माहीतच नव्हतं. मला त्या क्षणी ऑफिसला फोन करून भांडावंसं वाटलं, नवऱ्याने फोन काढून घेतला. तिने ती मेल तीनदा वाचली आणि लॅपटॉप मिटला. संध्याकाळी खाली आली तर फ्रिजवर पट्टी लावलेली होती. मी नाही लावली. त्यावर कुणीच काही बोललो नाही.

बूमकाठी, हो, केलंय. ऑक्टोबरमध्ये वर्गाच्या शॉर्टफिल्मसाठी तिने रूम टोन घेतला, तुम्हाला माहीतच असेल, कुणी बोलत नसताना खोलीचा जो आवाज असतो तो. जागा कोणती निवडली तर कॉलेजचाच तलाव, पहाटे पाच वाजता, टीम यायच्या आधी. गार्ड ओळखीचा, त्याने आत सोडलं. एक मिनिटाचं रेकॉर्डिंग आहे. मी ऐकलं. सुरुवातीला वाटतं काहीच नाही. मग तलावाच्या कडेच्या गटारीत पाणी पडल्याचा चुळचुळ आवाज येतो, दिव्यांची बारीक घरघर, आणि मधेच कुठेतरी लेनची दोरी भिंतीला टेकते. मला वाटत होतं ती आठ महिन्यांत तलावाकडे फिरकलीच नाही. परवानगी विचारते तिला, हो म्हणाली तर पाठवते.

पोर्टलचं अजून ठरलेलं नाही. डिपार्टमेंटचं उत्तर आलं की बोलू, असं तीच म्हणाली. पण त्या कोचला आज मेल लिहायला बसली आहे, यादीतल्या नावाबद्दल कळवायला. तिचा प्रश्न असा की २:१७.४ लिहावं का? ती अकरा महिन्यांपूर्वीची वेळ आहे, आज पाण्यात उतरली तर २:३० सुद्धा होणार नाही. न लिहावं तर लपवल्यासारखं, लिहावं तर खोटी आशा.

बेसलाइन:

लिहा. वेळ, तारीख, स्पर्धेचं नाव, तिन्ही. आणि पुढच्याच ओळीत एप्रिलपासून ट्रेनिंग बंद आहे, का बंद आहे तेही एका वाक्यात. कोच निकाल ऑनलाइन बघतातच, मधलं रिकामं कॅलेंडर त्याला दिसणारच आहे. परत ट्रेनिंग सुरू केली तर कुठल्या तारखेपासून, ते सुरू झाल्यावरच कळवायचं, आधी नाही.

बूमकाठी:

एक मिनिट पुरे आहे. फाइल कॉम्प्रेस करू नका, वेव्हच पाठवा.